न राखलेलं डोकं

या खोलीत एक टेबल आहे, एक खुर्ची, एक लोखंडी पलंग आणि भिंतीत एक कपाट. खिडकी एक, बंद. दार एक, आतून कडी लावलेलं. टेबलावर लॅपटॉप, आणि त्याच्या शेजारी हाताएवढा ध्वनिमापक.

माणूस एक. मी.

लिहायला बसण्याआधी मी तो मीटर चालू केला आहे. जो सगळ्यात मोठा आवाज होईल, तो आकडा तो धरून ठेवतो. लिहून संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघणार नाही. तोंडातून शब्दही काढणार नाही. मोबाइल बंद आहे. लॅपटॉपचा आवाज बंद आहे. टाइप करण्याचा खडखडाट मी आधीच मोजून घेतला: अठ्ठेचाळीस डेसिबल.

एक माणूस एक मीटर अंतरावरून साधं बोलला, तर हा मीटर साठच्या आसपास दाखवतो. बोलणारा निम्म्या अंतरावर आला, की आकड्यात सहा वाढतात: अर्ध्या मीटरवर सहासष्ट, पाव मीटरवर बहात्तर. एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं माझ्या बाबतीत घडलेलं आहे. मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या बाबतीत नाही. मी भौतिकशास्त्र शिकले, नंतर श्रवणयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली. इंटरनेटवरच्या या पानावरच्या भुताखेतांच्या गोष्टी मी जेवताना वाचायचे आणि हसायचे. आज मी इथं लिहिते आहे.

तुम्ही हसलात तरी चालेल.

तो शुक्रवार होता. संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. मी आणि ताई तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तिची खोली, माझी खोली, आणि मध्ये एक भिंत.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. आई-बाबांच्या मागे तिनंच माझं शिक्षण केलं. तरीही आमचं बोलणं म्हणजे...

"जेवलीस?"

"हो."

"गॅस बंद केलास?"

"हो."

संपलं.

मी बोलायचे ते तळ्यावर.

तळं म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. डोळ्यांवर हेडसेट चढवला, कानाला हेडफोन लावले, की आपण एका लाकडी धक्क्यावर उभे असतो. अकरा खुर्च्या. चार कंदील. एक होडी, जी कधीच सुटत नाही. सूर्य कायम मावळतीला टेकलेला. माणसं तिथं बाहुल्यांच्या रूपात येतात, आवाज मात्र ज्याचा त्याचा. जवळ गेलं की मोठा होतो, लांब गेलं की बारीक. कुणाला स्वतःचा आवाज द्यायचा नसेल, तर तो बदलून घेतो. त्यात कुणाला काही वाटत नाही.

खरी नावंही कुणी विचारत नाही. माझं तिथलं नाव मोजपट्टी. पहिल्याच दिवशी मी खुर्च्या मोजल्या म्हणून.

तळ्यावर आमची एक रीत होती. ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मध्येच पाणी प्यायला, दार उघडायला हेडसेट काढला, की तिथली बाहुली मान टाकून बसते. खांदे पडलेले, चेहरा जमिनीकडे. बघवत नाही. म्हणून उठणारा म्हणायचा, "डोकं काढतोय." मग जवळचा कुणीतरी म्हणायचा, "ठेव, राखतो." आणि तो परत येईपर्यंत त्याच्या बाहुलीशेजारी बसून राहायचा.

राखणाऱ्यानं आपला माइक बंद ठेवायचा. गेलेल्याचा मात्र बरेचदा चालूच राहायचा. त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. भांडी, पोरांची रडारड, नवरा-बायकोची भांडणं. ते ऐकायचं आणि विसरायचं.

आमच्यात एक सुतार होता. दिवसभर खरोखरची दारं-खिडक्या करणारा. तो नव्या माणसाला ही रीत समजावताना हमखास म्हणायचा, "न राखलेल्या डोक्यात कुणीपण राहायला येतं बरं का. भाडं नाही, डिपॉझिट नाही!"

आम्ही हसायचो.

आणि होता खलाशी.

तो कायम होडीत बसायचा. म्हाताऱ्याचा संथ आवाज. आवाज बदललेला आहे हे मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं, माझं कामच ते. पण विचारलं नाही. तो मला 'मोजपट्टीबाई' म्हणायचा. कमी बोलायचा, पूर्ण ऐकायचा.

दीड वर्षात मी त्याला सगळं सांगितलं. प्रयोगशाळेतल्या साहेबांचं. माझ्या मोडलेल्या प्रेमाचं. ताईचं तर दर भेटीत. ताईनं घराचा वॉर्ड करून ठेवलाय, हेसुद्धा.

एका संध्याकाळी मी त्याला असं काही सांगितलं, जे घरात सांगायचं धाडस झालं नव्हतं. लांबच्या एका विद्यापीठात संशोधनासाठी माझी निवड झाली होती. पाच वर्षं. ताई एकटी पडली असती.

त्याच्या बाहुलीनं तिथंच मान टाकली.

दुसऱ्या दिवशी तो होडीत ताठ बसला होता.

"पोरी," तो म्हणाला, "जाऊ नकोस."

तेव्हापासून तो मला पोरी म्हणायला लागला. तेव्हापासून रोज यायला लागला. आधी काही आठवडे यायचा, काही आठवडे गायब असायचा. आता मी कधीही जावं, तर तो होडीत असायचाच. त्यानं मला त्याच्या मुलीबद्दल सांगितलं. ती घर सोडून गेली. तो तिची वाट बघत बसून राहिला.

"जाणाऱ्याला वाटतं, घर जागच्या जागी राहतं," तो म्हणायचा. "तसं नसतं पोरी."

दोन महिने हेच. मला ते पटत गेलं. माझा नकार लिहून तयार होता. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं.

त्या शुक्रवारी मी त्याला तेच सांगायला गेले होते.

धक्क्यावर आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "डोकं काढतो पोरी. राख जरा."

"ठेवा. राखते."

मी होडीजवळच्या खुर्चीवर बसले. माइक बंद केला. त्याची मान खाली गेली.

त्याचा माइक चालू होता.

पंख्याचा आवाज येत होता. दर फेऱ्याला एक बारीक टक्. ताईच्या खोलीतला पंखाही तसाच वाजतो... पण जगात टक् वाजणारे पंखे काय थोडे असतात?

मग मला शिंक आली.

अर्ध्या सेकंदानं ती शिंक मला हेडफोनमध्ये ऐकू आली. त्याच्या माइकमधून. भिंतीपलीकडून यावी तशी, दबलेली.

एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं, असं मी मानत नाही. मी टेबलावर बोटानं ठोकलं. दोनदा, थोडं थांबून एकदा.

त्याच्या माइकमधून आलं... टक टक. टक.

मी श्वास रोखला. हात मांडीवर ठेवले.

आणि पुन्हा आलं. या वेळी माइकच्या अगदी जवळून, स्पष्ट.

टक टक.

टक.

"आलो पोरी," खलाशी म्हणाला. "कुणी बोलावलं का?"

मी हेडसेट ओढून काढला.

ताईच्या खोलीचं दार बंद होतं. दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. आत पंखा फिरत होता... टक्... टक्...

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला राग आला. दीड वर्ष! मी ज्याला परका समजून पोटातलं सगळं ओकले, तो भिंतीपलीकडे बसला होता. माझ्याच बहिणीच्या पलंगावर. तो खलाशी म्हणजे माझी बहीणच.

मी दार ठोठावलं नाही. म्हटलं, बाहेर तर येशील. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तिच्या दारावर नजर ठेवून.

आणि माझ्या मागे...

मुख्य दाराच्या कुलुपात किल्ली फिरली.

ताई आत आली. अंगात युनिफॉर्म, खांद्याला पर्स, हातात औषधांची पिशवी.

"डबल ड्यूटी पडली आज," ती चपला काढत म्हणाली. "पाय गळून गेलेत. अगं, अशी काय उभी आहेस? भूत बघितल्यासारखी?"

मी बोट दाखवलं. तिनं दाराखालचा उजेड बघितला.

"दिवा तू लावलास?"

मी मान हलवली. नाही.

दार तिनंच उघडलं. खोली रिकामी होती. खिडकीला गज होते. चादर सकाळी घातली तशी ताणलेली. पंखा फुल्ल स्पीडवर फिरत होता.

"मी बंद करून गेले होते," ती हळूच म्हणाली.

पण ती पंख्याकडे बघत नव्हती. तिची नजर पहिल्यांदा गेली ती कपाटाच्या वरच्या फळीवर. आणि मी ते बघितलं.

मी स्टूल घेतलं, चढले. ब्लँकेटांच्या मागे एक खोका होता. खोक्यात हेडसेट. बटण दाबून धरलं. काही नाही. बॅटरी पार संपलेली. वर धूळ.

"हे काय आहे?"

ताई पलंगावर बसली.

"बोल ना!"

"तुला माहितीये काय आहे ते."

"खलाशी."

तिनं मान खाली घातली. अगदी तळ्यावरच्या बाहुलीसारखी.

"दीड वर्ष, ताई? भिंतीपलीकडे बसून?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस गं. काहीही विचारलं की हो. आणि त्या खोलीत जाऊन खदाखदा हसायचीस. मला इकडे ऐकू यायचं. म्हटलं, बघावं तरी कुणाशी एवढं हसतेय."

"म्हणून म्हाताऱ्याचा आवाज लावलास?"

"बाईचा लावला असता तर मिनिटात पकडलं असतंस. आवाजातली मास्तरीण तू."

"तुझ्याबद्दल बोलले, ते सगळं ऐकलंस."

"ऐकलं."

"वॉर्डचंसुद्धा?"

"हसले मी तेव्हा. म्हणजे... खलाशी हसला."

"मजा वाटतेय तुला? मी माझ्या माणसापाशी मन मोकळं करत नव्हते, म्हणून तू माणूसच खोटा बनवलास! आणि त्याच्या तोंडून मला सांगितलंस जाऊ नको म्हणून. माझ्या तोंडावर सांगायचं होतं ना! म्हणायचं होतं, मला एकटं राहायची भीती वाटते. मी राहिले असते!"

ताईनं मान वर केली.

"कोण म्हणालं जाऊ नको?"

"नाटकं नको करूस."

"मी कधीच म्हटलं नाही तसं. तू निवडीचं सांगितलंस, त्या दिवशी मी हेडसेट काढला तो काढलाच. परत चढवलेला नाही."

"खोटं."

"तू एवढी मोठी गोष्ट मला सोडून त्याला सांगितलीस. मला त्याचाच हेवा वाटायला लागला बघ, काय अवस्था! रडायलाच आलं. तसाच उपटला आणि खोक्यात घातला. आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत होते. दोन महिने."

"तळ्यावरून बाहेर पडून मग काढलास ना?"

"नाही. तसाच."

"कुणाला राखायला सांगितलंस?"

तिनं चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"ताई, कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

पंखा वाजत होता. टक्... टक्...

"तू मला पोरी म्हणायला लागलीस," मी म्हटलं. माझाच आवाज मला बारीक ऐकू आला.

"मी? मी मोजपट्टीबाई म्हणायचे. पोरी म्हणायला माझी जीभच वळली नसती."

"आणि खलाशाची मुलगी? घर सोडून गेलेली?"

ताई माझ्याकडे बघत राहिली.

"मुलगी कुठली? मी त्याला मुलगी दिलीच नव्हती."

माझा विश्वास बसला नाही. का बसावा? जी बाई दीड वर्ष दुसऱ्याच्या आवाजात बोलू शकते, ती दोन मिनिटं स्वतःच्या आवाजात खोटं बोलू शकत नाही? बॅटरी उतरवता येते. धूळ बसू देता येते. मोबाइलवरूनही तळ्यावर जाता येतं, डबल ड्यूटी सांगून जिन्यात उभं राहता येतं. पंखा आणि माझी शिंक त्यात कुठं बसतात, ते मला कळत नव्हतं. पण ताईनं फसवलंय, हे एक कळत होतं आणि मी तेच धरून बसले.

शनिवारी मी विद्यापीठाला होकार पाठवला. रागानंच पाठवला. ताईला सांगितलंसुद्धा नाही.

पण मला खात्री हवी होती. खलाशी ती आहे की नाही, एवढंच.

रविवारी भर दुपारी मी प्रयोगशाळेतून आणलेले दोन मीटर काढले. पडदे उघडे होते, घरभर ऊन होतं. ताईला म्हटलं, "तू खाली जा. समोरच्या औषधाच्या दुकानात थांब. मोबाइल इथं ठेव. किल्लीसुद्धा."

"तू एकटी वर बसणार?"

"तू घरात असलीस तर मोजण्याला अर्थ नाही."

तिनं किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती किल्ली अजून आठवते मला, तिच्या हातातली ऊब लागलेली.

एक मीटर तिच्या खोलीत, टेबलावर. पंखा बंद, खिडकी बंद, दाराला बाहेरून कडी. रिकाम्या खोलीचं वाचन एकतीस. दुसरा माझ्या टेबलावर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून, तोंड मिटून बसले, तर तो छत्तीस दाखवत होता. म्हणजे हेडफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज छत्तीसच्या वर जात नाही. दोन्ही मीटर पुन्हा शून्यावर आणले. खिडकीतून पाहिलं. ताई दुकानाच्या पायरीवर उभी होती, वर बघत.

मी हेडसेट चढवला. माइक बंद. ठरवलं होतं, एकही शब्द बोलायचा नाही. तळ्यावर हवेत लिहूनही बोलता येतं.

होडी रिकामी होती.

गेल्या दोन महिन्यांत ती मी एकदाही रिकामी पाहिली नव्हती. पाणी नेहमीसारखं हलत होतं.

खुर्च्या मोजल्या. अकरा. दहा रिकाम्या.

अकरावी माझ्या उजव्या हाताला होती... आणि खलाशी तिथं बसला होता.

"आलीस पोरी."

मी लिहिलं: तुम्ही ताई आहात का?

"ती कधीच उठून गेली."

मग तुम्ही कोण?

मावळतीचा सूर्य त्याच्या बाहुलीच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता. आणि त्याच्या आवाजात बदल करणारं ते यंत्र... मला ऐकू येत नव्हतं. आवाजाच्या कडांना एक बारीक खरखर असते, ती दीड वर्ष मी ऐकत होते. आता ती नव्हती. दोन महिने ती नव्हती, हे मला आत्ता लक्षात आलं.

"ते डोकं कुणी राखत नव्हतं," तो म्हणाला. "मी राखलं."

मी लिहिलं: मी होकार कळवलाय. मी जाणार आहे. तुम्ही सांगितलंत तरी थांबणार नाही.

मला वाटलं, तो चिडेल. मुलीची गोष्ट पुन्हा काढेल.

तो हसला. मायेनं, माझं काहीतरी छान झाल्यासारखा.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मग आपण कधी निघायचं?"

मी हेडसेट फेकला. धावत खिडकीशी गेले. ताई पायरीवरच होती, उन्हात, डोळ्यांवर हात धरून वर बघत.

तिच्या खोलीतल्या मीटरचं वाचन: एकतीस.

माझ्या टेबलावरच्या मीटरचं: चौसष्ट.

हेडसेट मी पलंगावर फेकला होता, गादीवर. तो तसाच पुन्हा फेकून मोजलं. एक्केचाळीस.

ताई वर आल्यावर मी तिला आकडे दाखवले. तिनं ते दोनदा वाचले. मग एवढंच विचारलं, "आता तरी विश्वास बसला?"

"हो," मी म्हटलं.

दोन महिन्यांपुरता बसला होता. त्याआधीच्या दीड वर्षाचं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही. तिला ते दिसलं असणार. ती माझ्यापेक्षा जास्त आतलं बघते, रोजचं काम आहे तिचं.

ती म्हणाली होती, मी सोबत येते, निदान सामान लावून देते. मी नको म्हटलं. का नको म्हटलं, याचा विचार अलीकडे फार येतो. निघायच्या दिवशी ती जिन्यापर्यंत आली.

"जेवलीस?"

"हो."

तळ्यावरची माझी नोंद मी पुसून टाकली. खलाशाची ताईनं पुसली. दोन्ही हेडसेट भंगारात गेले. सुताराला मी निरोपही दिला नाही. या नव्या शहरात येऊन मला तीन आठवडे झालेत. दिवसभर विभागात असते, बोलते, चहा पिते, सगळं ठीक असतं. खोलीवर आल्यावर मात्र मी पाठ भिंतीला लावून बसते. असं का, ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली की मला वाटतं, मी नेमकं कुणाला सांगतेय?

म्हणून इथं लिहिलं.

आता लिहून झालं आहे. मी एक शब्दही बोललेले नाही. दाराची कडी तशीच आहे. खिडकी बंद आहे. मोबाइल बंद आहे.

मीटर वळवून बघते.

सत्तर डेसिबल.